शेतात नीळ, सातबाऱ्यावर पड

वीस गुंठे रानात कमरेएवढी नीळ उभी होती आणि कागदावर लिहिलं होतं ‘पड’. त्या एका शब्दापायी माझे २३ दिवस गेले, सात हेलपाटे झाले आणि अर्ध्या रानातला चांगला रंग वाया गेला. तो उतारा अजूनही हातात आला की डोकं तापतं. कुणाच्या मनात नीळ लावायची असेल तर त्यानं रंगाच्या आधी कागदाचं बघावं, म्हणून हे लिहितेय.

आमचं गाव सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात. कृष्णाकाठी ऊस आणि हळद, आमच्याकडे बाजरी, मटकी, हुलगा आणि ज्याच्या विहिरीला पाणी त्याची द्राक्षं. नीळ ही हुलग्या-मटकीच्याच कुळातली. मुळांवर गाठी येतात, जमिनीला नत्र मिळतं, पाण्याची फार हाव नाही. बी तमिळनाडूतून मागवलं, तिंडिवनमकडून. तिकडे अजून हे पीक घेतात. बी टणक असतं, गरम पाण्यात रात्रभर भिजवल्याशिवाय उगवण धड होत नाही. मृगाचा पाऊस झाल्यावर पेरणी केली, दोन खुरपण्या दिल्या. इथपर्यंत काही अडलं नाही.

अडलं ते हौदापाशी. निळीला दोन हौद लागतात, एक वर पाला आंबवायला, एक खाली पाणी घुसळायला. त्यांच्या बांधकामासाठी बँकेत कर्ज मागायला गेले. साहेबांनी पीकपेरा मागितला. मोबाईलवरून पीक पाहणीची नोंद करताना यादीत मला नीळ सापडली नव्हती, म्हणून मी ती जागा तशीच सोडली होती. वाटलं, तलाठी भाऊसाहेब येतील, बघतील, लिहितील. उतारा काढला तर रकान्यात ‘पड’. बँकेतले साहेब म्हणाले, “ताई, पडीक रानावर कर्ज कसं देऊ?” त्यांचं काही चुकलं नव्हतं.

(यातून पहिली गोष्ट सांगते. यादीत पीक सापडलं नाही तरी नोंद रिकामी सोडू नका. ‘इतर’ म्हणून जे काही असेल ते भरा आणि उभ्या पिकाचा फोटो काढून ठेवा. रिकाम्या जागेची पड होते आणि पड पुसायला पीक लावण्यापेक्षा जास्त मेहनत लागते.)

दुरुस्तीचा अर्ज घेऊन मी एका महसुली कार्यालयात गेले. कुठलं ते लिहीत नाही. टेबलावरच्या कारकून भाऊंनी अर्ज वाचला आणि विचारलं, “नीळ? कापडाला घालायची ती? ती रानात पिकते होय?” मी म्हटलं, हल्ली धुण्याला घालतात ती बहुतेक कारखान्यात केलेली दुसरीच रसायनं असतात, खरी नीळ झाडाच्या पाल्यातून निघते. ते म्हणाले, “तसा काहीतरी पुरावा जोडा.”

दुसऱ्या खेपेला पुरावा म्हणून मी एक पान हातानं लिहून नेलं. झाडाचं शास्त्रीय नाव इंडिगोफेरा टिंक्टोरिया, कूळ शेंगांचं, संस्कृतात नीली, नीलिनी. त्याखाली लिहिलं की मुघलांच्या काळात आग्र्याजवळच्या बयाण्याची आणि अहमदाबादजवळच्या सरखेजची नीळ घ्यायला परदेशी व्यापारी येत. गुजरातेत ठसे मारून निळीत रंगवलेल्या सुती कापडाचे तुकडे इजिप्तमध्ये फुस्तात इथं सापडलेत, काही शतकं जुने. इंडिगो हे नावच ‘हिंदमधून आलेलं’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडलं. आपल्या ‘नील’चं अरबीत ‘अन-नील’ झालं आणि पोर्तुगीजांत ‘अनिल’. शेवटी लिहिलं की निळीनं सूत रंगवणाऱ्या समाजाला आपल्याकडे निळारी किंवा निराळी म्हणतात, म्हणजे हा धंदा इथल्या मातीला परका नाही. हे पान लिहायला मला दोन रात्री लागल्या. मुलीनं शुद्धलेखन तपासून दिलं.

ते पान टाचणी लावून अर्जामागं गेलं. कुणी वाचलं नाही.

तिसऱ्या खेपेला जे ऐकलं ते मला सगळ्यात लागलं. दुसरे एक कारकून म्हणाले, “वहिनी, हे तर बंदीचं पीक ना? गांधीजींनी बंद केलेलं. उगा कशाला भानगडीत पडता?” आजूबाजूच्या दोघांनी माना डोलावल्या. शाळेत चंपारणचा धडा सगळ्यांनीच वाचलाय आणि त्यातलं नीळ एवढंच सगळ्यांच्या डोक्यात राहिलंय. मी तिथंच उभी राहून बोलले. चंपारणात तीनकठिया पद्धत होती, वीस कठ्ठे जमिनीतले तीन कठ्ठे मळेवाल्याच्या हुकमानं निळीला द्यावे लागत. भाव तो ठरवणार, नाही लावली तर मार आणि दंड. त्याआधी १८५९-६० मध्ये बंगालचे शेतकरी याच जुलमाविरुद्ध उठले होते. गांधीजी १९१७ मध्ये चंपारणात गेले ते सक्ती मोडायला आणि १९१८ च्या कायद्यानं ती सक्ती मोडली. झाडावर बंदी कुणी घातली नाही. या झाडाची शेती मोडली ती जर्मन रसायनानं. अडॉल्फ फॉन बायर यांनी १८८० च्या सुमाराला प्रयोगशाळेत नीळ तयार केली, १८९७ मध्ये कारखान्याची स्वस्त नीळ बाजारात आली आणि पाल्याची नीळ मागं पडली. आज जीन्सच्या कापडाला वापरतात ती जवळजवळ सगळी कारखान्याचीच. मी म्हटलं, “भाऊ, मी माझ्या रानात, माझ्या मर्जीनं लावलीय. चंपारणच्या शेतकऱ्याला एवढंच तर हवं होतं.”

ते गप्प झाले. मग म्हणाले, “बरं, पण पंचनामा करावा लागेल. पीक उभं असताना.”

खरी कोंडी इथं झाली. नीळ कापायची वेळ ठरलेली असते. फुलोरा सुरू व्हायच्या तोंडाशी पाल्यात रंग सगळ्यात जास्त असतो. पानाच्या बेचक्यातून मुंगीच्या डोक्याएवढ्या गुलाबी कळ्या डोकावायला लागल्या की कोयता काढायचा. फुलं उमलून शेंगा धरल्या की खालची पानं पिवळी पडून गळतात आणि रंग उतरतो. माझ्या रानात कळ्या दिसल्या तो सोमवार होता. मी फोन केला. “गुरुवारी येतो.” गुरुवारी दुसरं काम निघालं. “पुढच्या आठवड्यात.” मग निवडणुकीची कामं. मग सुट्ट्या. कापलं तर म्हणणार, पीक कुठंय? न कापावं तर डोळ्यांदेखत रंग चाललाय. सकाळी उठून पहिल्यांदा रानात जायचे, फुलं मोजायचे आणि तशीच एसटी धरायचे. चौथी खेप, पाचवी खेप. सासूबाई म्हणायच्या, “बाई, तुझं पीक कापून टाक, कागद काय खायला घालणार?” पण हौदाचं कर्ज त्या कागदावर अडलेलं.

शेवटी दहा गुंठे कापले आणि दहा गुंठे पुरावा म्हणून उभे ठेवले. हाच माझा दुसरा सल्ला. पंचनामा राहिला असेल तर सगळं कापू नका आणि सगळं थांबवूही नका, चार-पाच सऱ्या राखल्या तरी पुरे. मी दहा गुंठे राखले, ते जास्त झालं. तेव्हा एवढं सुचलं नाही.

हौद नव्हते म्हणून निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपांत काम केलं. पहाटे कापलेला पाला सकाळीच पाण्यात गेला पाहिजे, भारे बांधून उन्हात ठेवायचा नाही. पाला दाबून भरला, वर दगड ठेवले, पाणी सोडलं. रात्री नऊपर्यंत पाण्याला पिवळट हिरवा रंग चढला आणि वर तांब्यासारखी चकचकीत साय धरली. वास शेणाच्या खड्ड्याकडे जाणारा, पण त्यात काहीतरी गोडसर. पाल्यात रंग नसतोच मुळी, इंडिकॅन नावाचा बिनरंगी पदार्थ असतो. पाण्यात आंबला की तो फुटतो आणि हवा लागली की निळा होतो. म्हणून ते पाणी दुसऱ्या पिंपात गाळून, चुन्याची निवळी घालून आम्ही तिघींनी दोन तास वल्ह्यासारख्या फळ्यांनी घुसळलं. फेस आधी हिरवट पांढरा, मग आकाशी, मग गडद निळा आणि मग एकदम बसला. हात खांद्यापासून गळून गेले होते, पण तो फेस बसताना बघून मी अंगणातच बसून रडले. रात्रभर निवळलं, सकाळी तळाचा चिखल मांजरपाटात बांधून टांगला आणि सावलीत वड्या वाळवल्या. चोथा खताला गेला. चुना कळीचाच घ्या आणि त्याची निवळी वापरा. खडे गेले तर वडीत पांढरी कच येते. माझ्या पहिल्या दोन वड्या त्यानंच खराब झाल्या.

दोनशे किलो पाल्यातून नऊशे ग्रॅम वड्या निघाल्या. पुराव्यासाठी राखलेल्या रानातल्या तेवढ्याच पाल्यातून पुढं निघाल्या साडेचारशे. मधले दिवस कुठं गेले ते मला वजनकाट्यावर दिसलं.

सहाव्या खेपेला मी सरळ सर्कल साहेबांच्या, म्हणजे मंडळ अधिकाऱ्यांच्या खोलीत गेले. वयस्क गृहस्थ होते. मी म्हटलं, “रावसाहेब, तुम्ही एकदा या, मी परत काही मागणार नाही.” दुसऱ्या दिवशी ते खरंच आले. रान बघितलं, शेंगा हातात घेतल्या, फोटो काढला. मग विचारलं, “पण याचा रंग निघतो कसा?” पडवीत माझी झाकलेली बादली होती, वडीची पूड, चुना, गूळ आणि टाकळ्याचं शिजवलेलं बी घालून आठ दिवस आंबवलेली. पावसाळ्यात आपण ज्याची भाजी करतो तोच टाकळा. त्याचं बी घालून दक्षिणेतले जुने रंगारी निळीचं पीप लावायचे. मी पांढऱ्या सुताची लडी हळूच त्यात सोडली. बुडबुडे जाऊ द्यायचे नाहीत, ढवळायचं नाही. पाच मिनिटांनी वर काढली तेव्हा ती ओल्या करडईच्या पाकळीसारखी पिवळट हिरवी होती. साहेब म्हणाले, “ही तर हिरवीच आहे.” मी काही बोलले नाही. लडीच्या टोकाकडून रंग सरकायला लागला. आधी मोरपंखी, मग निळा, एकेक धागा करत. मिनिटभरात सगळी लडी निळी. तुरटी नाही, दुसरं काही नाही. मंजिष्ठेच्या लाल रंगाला आधी कापड तुरटीत बुडवावं लागतं, निळीला नाही लागत. साहेबांनी लडी हातात घेतली, वास घेतला, बोटाला लागलेला रंग रुमालाला पुसला आणि रुमालावर डाग बघून हसले.

मग म्हणाले, “आमच्या घरी मेंदी लावल्यावर वरून जी हिरवी पूड लावतात, ती हीच का?” मी म्हटलं, हीच, फक्त ती वाळवलेल्या पाल्याची पूड, वडीची नव्हे. केसाच्या नीलीभृंगादि तेलातही हाच पाला. “मग औषधी वनस्पतीत बसवता येतं,” ते म्हणाले, “शेऱ्यात नाव लिहू.”

सातव्या खेपेला उतारा मिळाला. पीक: इतर औषधी वनस्पती, २० गुंठे. शेरा: नीळ. माझं दोन रात्रींचं पान जिथं पोचलं नाही तिथं केसाची पूड पोचली. ती नोंद खोटी नाही, आयुर्वेदात हे झाड आहेच, पण मी रंगासाठी लावलंय आणि यादीत ते रंगाचं पीक म्हणून यावं, असा अर्ज मी त्याच दिवशी वर पाठवलाय. पोच घेतलीय. पोच घ्यायला विसरू नका, माझे आधीचे दोन अर्ज ‘सापडत नाहीत’ असं मला ऐकवलं होतं.

सर्कल साहेबांचं मात्र मनापासून आभार. ते रानात आले म्हणून सुटलं.

बँकेनं कर्ज मंजूर केलंय, वरचा हौद बांधून झाला, खालच्याचा गिलावा ओला आहे. बुडखे राखून कापल्यामुळं नीळ परत फुटलीय, गुडघ्याच्या वर आलीय. विट्याच्या एका मागवाल्यानं दहा किलो सूत रंगवायला दिलंय, निम्मं निळं आणि निम्मं हिरवं. हिरव्यासाठी सांगलीची हळद आणली, तुरटीत सूत बुडवून आधी पिवळं करायचं आणि मग निळीत. त्याला मी आधीच सांगितलंय की हळद उन्हात उडते, नीळ राहते, तेव्हा हिरवं हळूहळू निळ्याकडे जाईल. तो म्हणाला, जाऊ द्या. काल संध्याकाळी बेचक्यात पुन्हा कळ्या दिसल्या. परवा पहाटे कोयता लावतेय, या खेपेला कुणाला विचारायचं नाहीये.