अंगठा

मंगळवार रात्र. म्हणजे घड्याळाप्रमाणे बुधवार झालाय पण झोपेपर्यंत मंगळवारच.

काल रात्री लंब्याला, माझ्या जुन्या मित्राला, गाणं पाठवलं. पावणेबारा वगैरे झाले असतील. नुसती लिंक नाही टाकली, खाली लिहिलं पण. आधी बरंच लिहिलं होतं, मग वाटलं फार होतंय, खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं, शेवटी "हे लावून दाढी करायचास, आठवतंय का" एवढंच ठेवलं आणि फोन उलटा करून ओट्यावर ठेवून दिला. छातीत चक्क धडधडत होतं. वय बघा माझं.

सकाळी सात चाळीसला उत्तर आलं. अंगठा.

पिवळा. नुसता.

आता यात वाईट वाटण्यासारखं काय आहे हे मी दिवसभर स्वतःला विचारतोय. तो मॅनेजर-बिनेजर आहे, दिवसाला शंभर अंगठे देत असेल, "बिल पाठवलंय" अंगठा, "उद्या येत नाही" अंगठा, "केक ऑर्डर केला" अंगठा, त्या रांगेत मध्येच मी आणि पीट रॉक, म्हणजे ते हिपहॉप गाणं केलेला. पण आपल्याकडे अंगठा दाखवणे म्हणजे काय ते शाळेपासून शिकवलंय ना. कितीही वर्षं फोन वापरला तरी तो अंगठा बघितला की आधी मराठी अर्थच डोक्यात येतो.

झालं असं की काल मी मटार सोलत बसलो होतो, घरात सगळे झोपलेले, फोनवर गाणी आपली आपण एकामागून एक लागत होती, आणि तो सॅक्सोफोन आला. "दे रेमिनिस ओव्हर यू". काही वर्षं ऐकलं नव्हतं, मुद्दाम नाही, राहून गेलं. आधी ते धुरकट कोरसचे आवाज येतात, लांबून, दुसऱ्याच कुठल्या तरी खोलीतून आल्यासारखे, आणि मग सॅक्सोफोन. माझा हात थांबला. शेंग अर्धी उघडी, दाणे तसेच. आपल्याकडे सॅक्सोफोन म्हणजे हॉटेलात व्हिलन बसलाय आणि समोर कोणीतरी नाचतंय, त्या आवाजाला एवढं दुःख झेपतं हे मला वयाच्या विसाव्या वर्षी नारायण पेठेतल्या खोलीत कळलं होतं, लंब्याच्या न्यू जर्सीवाल्या मावसभावाने आणलेल्या सीडीवर, एक चालणारा आणि एक बडबडणारा असे दोन स्पीकर होते त्यातून.

मालकीणबाई एकदा जिना चढून वर आल्या आणि विचारलं, कोणी वारलंय का रे, हा माणूस मघापासून काय पुटपुटतोय. आम्ही म्हटलं नाही हो, गाणं आहे. त्या गेल्यावर इतके हसलो की लंब्याची चहाची कपबशी फुटली. खरं म्हणजे वारला होताच की. ट्रॉय डिक्सन, हेवी डी अँड द बॉइज या रॅप ग्रुपमधला डान्सर, जुलै १९९० मध्ये दौऱ्यावर असताना इंडियानापोलिसला पडून गेला. २२ वर्षांचा. हेवी डी आणि पीट रॉक दोघं न्यूयॉर्कला लागून असलेल्या माउंट व्हर्ननचे, नात्यातले, म्हणजे अगदी घरातलंच गेलं. आणि १९९२ मध्ये पीट रॉकने सीएल स्मूद या रॅपरबरोबर हे गाणं केलं. त्यातला सॅक्सोफोन जिथून घेतलाय ती टॉम स्कॉटची जुनी रेकॉर्ड ऐकून मला रडू आलं होतं असं त्याने स्वतः सांगितलंय. मालकीणबाई दोन मिनिटांत जे ओळखून गेल्या ते कळायला मला बरीच वर्षं लागली.

गंमत अशी की गाण्यात ट्रॉयबद्दल फार काही नाहीच. सीएल स्मूद आपल्या आईबद्दल बोलतो, ती लहान वयात कशी आई झाली, मग आजोबा, मग अंकल, (मामा की काका कळायला मार्ग नाही, इंग्रजीचा हा एक त्रासच आहे) कोणी कसं वाढवलं, कोण कसं होतं. मित्र गेलाय तर घरच्यांची गोष्ट का सांगतोय असं मी तेव्हा लंब्याला विचारलं होतं. तो दाढीचा फेस तसाच ठेवून म्हणाला, "अरे दहाव्याला काय करतो आपण?" आणि परत आरशाकडे वळला. विषय संपला. लंब्या असं बोलायचा. आता अंगठा.

लेहऱ्याचं पण त्यानेच सांगितलं होतं. तो मध्यमा परीक्षेपर्यंत तबला शिकलेला. मी पहिल्यांदा हे सगळं ऐकलं तेव्हा म्हटलं हे काय, तोच तोच तुकडा फिरतोय, पुढे काही होतच नाही. तर म्हणाला, लेहरा आहे हा. लेहरा धरलाय आणि वर हा तोंडाने कायदा वाजवतोय, पलटे बघ, सम बघ कुठे घेतो. त्यानंतर मला ते वेगळं ऐकूच आलं नाही. एकदम सगळं कळलं. तबल्याच्या कार्यक्रमात पेटीवाला तासभर तीच ओळ धरून बसतो, तो लेहरा, मान खाली, सगळ्या टाळ्या तबल्याला, निवेदक शेवटी पेटीवाल्याचं नाव घेतो ते पण चुकीचं, पण तो जर अर्धी मात्रा हलला ना तर समोरच्याचं सगळं कोसळतं. फरक एवढाच की इथे लेहरा धरणाऱ्याला पत्ताच नाही. टॉम स्कॉट १९६७ मध्ये एकोणीस वर्षांचा, त्याने जेफरसन एअरप्लेन या रॉक बँडच्या एका प्रेमगीताची आपली सॅक्सोफोनवाली आवृत्ती केली, करून मोकळा झाला. पंचवीस वर्षांनी माउंट व्हर्ननमधला एक जण त्यातले काही सेकंद उचलतो आणि त्याला सांगतो, बस आता इथेच, हीच ओळ, मी सांगेपर्यंत.

आणि उचलतो तरी किती? त्या काळात ही माणसं ज्या मशीनवर काम करायची, एसपी-१२००, त्यात सगळा मिळून दहा सेकंदांचा आवाज मावायचा. दहा सेकंद! त्यात ड्रम पण बसवायचे, बेस पण, सॅक्सोफोन पण. मग हे लोक काय करायचे, ३३ च्या स्पीडची रेकॉर्ड ४५ वर लावायचे, म्हणजे ती भराभर वाजून संपणार, तेवढी कमी जागा खाणार, तसं आत घ्यायचं आणि मग मशीनमध्ये हळू करून परत मूळ चालीवर आणायचं. त्या खेचाखेचीत आवाजाला एक खरखर यायची, कडा झिजलेल्या. १९८७ चं १२ बिटवालं मशीन ते, आधीच आवाज जाडाभरडा. आपण त्याला ऊब म्हणतो, जुनेपणा म्हणतो, डोळे मिटून घेतो, आणि ते सगळं मुळात जागा पुरत नव्हती म्हणून आलंय. माझ्या फोनमध्ये १२८ जीबी आहेत. त्यात आलाय एक अंगठा.

मी परत अंगठ्यावरच येतोय. माहितीये.

एक मात्र मला खरंच कळत नाही, आजचं नाही, जुनंच आहे हे कोडं. माझं माउंट व्हर्ननशी काय नातं? मी तिथे गेलो नाही, माझे आजोबा कोकणात वारले, माझ्या कुठल्याही मामा-काकाने सीएल स्मूदच्या अंकलसारखं काही केलेलं नाही, एकाने तर जमिनीवरून... जाऊ दे. तरी तो सॅक्सोफोन आला की मला कोणाची तरी आठवण येते आणि कोणाची ते सापडत नाही. शेजारून वाटीभर साखर आणावी तशी आठवण उसनी आणलीये आणि परत करायला गेलो तर शेजारी घर सोडून गेलेत. प्रत्येक वेळी असंच होतं. कालही असंच झालं, आणि मग मला वाटलं की लंब्याला माहीत असेल. म्हणून पाठवलं. म्हणजे मला "मस्त गाणं" असं उत्तर नको होतं, मला ते विचारायचं होतं, पण "दाढी करायचास" असं लिहिलं तर त्याला कसं कळणार. पण लंब्याला कळायला हवं होतं. कळायचं पूर्वी.

नास या रॅपरच्या इलमॅटिक अल्बममधलं तिसरं गाणं पण मग लावलं काल. नाव लिहीत नाही, आई वाचते हे. १९९४ चं. त्याच्या शेवटी त्याच्या वडिलांचं कॉर्नेट आहे, ओलू दारा, ते जॅझवालेच. पोरगा वीस वर्षांचा, घरातून बाप कधीच वेगळा झालेला, आणि पोराच्या पहिल्या रेकॉर्डवर तो येतो आणि एक शब्द न बोलता वाजवत राहतो, गाणं हळूहळू बंद होईपर्यंत. बाबांचं आज लिहायचं नाहीये.

तर दुपारी ऑफिसात बसून मी मनातल्या मनात यादी केली की हे गाणं अजून कोणाला पाठवता येईल. कोणालाच नाही. ऑफिसातल्या पोरांना हिपहॉप म्हणजे आत्ता रील्सवर चालतं ते, आणि त्यात काही वाईट नाही, पण त्यांना मी हे ऐकवलं तर म्हणतील सर हे अभ्यासाचं म्युझिक आहे का, मागे पाऊस पडत असतो ते. हिला आवडतं पण ती आवाज कमी करायला सांगते. म्हणजे पंचेचाळिशीत माझ्याकडे एक गाणं आहे आणि ते पाठवायला एक माणूस होता आणि त्याने अंगठा दिला. जेवताना मला स्वतःची इतकी दया आली की डबा अर्धा परत आणला. भेंडी होती, म्हणून पण असेल.

मग संध्याकाळी बसमध्ये आमचं जुनं चॅट वर सरकवत गेलो. पुरावा गोळा करायला, खोटं का बोलू. बघू हा किती वेळा असा वागलाय. दिवाळीच्या शुभेच्छा, दोन्हीकडून फॉरवर्ड. घरभरणीचं आमंत्रण, गेलो नव्हतो. परत दिवाळी. कोणाचा तरी नंबर. परत दिवाळी. सरकवत सरकवत मार्च २०१६ पर्यंत पोचलो.

त्याचे तीन मेसेज होते, एकाखाली एक.

"फाइफ गेला."

"४५. डायबिटीस."

"आज बसायचं का? लो एंड थिअरी लावू. पूर्ण."

फाइफ म्हणजे ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या हिपहॉप ग्रुपचा फाइफ. त्यांची लो एंड थिअरी ही रेकॉर्ड म्हणजे आमची पोथी होती. २४ सप्टेंबर १९९१ ला आली आणि चारच दिवसांनी जॅझचा ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस गेला, हे लंब्या दरवर्षी मला ऐकवायचा, जणू माइल्सने जाताना किल्ल्या ठेवल्या. त्यात एका गाण्यात रॉन कार्टर स्वतः येऊन डबल बास वाजवून गेलाय, माइल्सबरोबर साठच्या दशकात वाजवलेला माणूस. आणि सुरुवातीलाच क्यू-टिप, फाइफचा जोडीदार, सांगतो की वडील म्हणाले, तुमचं हे ऐकून मला बीबॉप, म्हणजे जुनं जॅझ, आठवतं. लंब्याचे वडील एकदा खोलीवर आले होते, ऐकून म्हणाले, पोवाडा आहे का, डफ कुठेय. आम्ही किती दिवस डफ कुठेय, डफ कुठेय करत होतो.

तर त्या तीन मेसेजच्या खाली माझं उत्तर आहे. दुसऱ्या दिवशीचं, सकाळी सव्वाअकराचं.

अंगठा.

माणूस गेल्याच्या बातमीला. अंगठा. पुढे एक अक्षर नाही. "मीटिंगमध्ये होतो" एवढं पण नाही. त्यानंतर सात महिन्यांनी दिवाळी.

बसमध्ये मोठ्याने हसलो. शेजारचे काका बघायला लागले. हसलो ते हसू आलं म्हणूनच, पण मग एक स्टॉप पुढे गेलो उतरायच्या ऐवजी. त्याच वर्षी लंब्याची शुगर निघाली होती. हे मला त्याच्या बायकोने सांगितलं, कोणाच्या तरी लग्नात, बऱ्याच नंतर. फेब्रुवारीत निघाली की एप्रिलमध्ये ते विचारलं नव्हतं मी तेव्हा, विचारण्यासारखं वाटलं नव्हतं.

म्हणजे त्याला बसायचं होतं ते काय फक्त... असो.

घरी आल्यावर परत गाणं लावलं. या वेळी सीएल स्मूदकडे लक्षच गेलं नाही, नुसता मागचा लेहरा ऐकत बसलो. तो काही बोलत नाही, कोणाची तक्रार करत नाही, फिरून येतो तिथेच. लंब्याला लिहायला घेतलं. "अरे २०१६ चं आत्ता वाचलं" असं लिहिलं, दहा वर्षांनी हे वाचून तो काय म्हणेल, खोडलं. "शुगर कशी आहे" लिहिलं, मध्येच हे काय, खोडलं. "फोन कर" लिहिलं, तर तो म्हणणार तू का करत नाहीस, आणि बरोबरच आहे त्याचं. साडेदहाला फोन करायचा ठरवला, अकरा वाजले तेव्हा वाटलं झोपला असेल, लवकर झोपायला सांगितलं असेल त्याला.

शेवटी त्याच्या अंगठ्यावर बोट दाबून धरलं. वर ती छोटी रांग आली, बदाम, हसणारा, रडणारा, हात जोडलेला. बराच वेळ बघत बसलो. मग अंगठाच दिला. आता त्याचा मोठा अंगठा आहे आणि त्याच्या कोपऱ्याला माझा बारका.

कालचे मटार अर्धे तसेच राहिलेत. हिने पातेल्यावर झाकण ठेवून वर चिठ्ठी लावलीये, "हे तू".