लाईट गेली त्या दिवशी

अंबाजोगाईत माझं फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक आहे. बोर्डावर डिग्री लिहिलीय, पण आसपासच्या खेड्यांत मी 'करंट लावणारी बाई'. गुडघा असो की कंबर, म्हाताऱ्या माणसांना करंट, म्हणजे मशीनच्या पॅडमधून विजेचा सौम्य प्रवाह, पाहिजे असतो.

या आजी आठ वेळा येऊन गेल्या होत्या. उजवा गुडघा, जन्म ऊसतोडीत गेलेला. आठही वेळा मी पॅड बांधले, टायमर लावला आणि शेजारच्या कॉटकडे वळले. व्यायामाचा झेरॉक्स कागद मात्र पहिल्याच दिवशी दिला होता. आजींना वाचता येतं का, हे विचारलं नव्हतं.

नवव्या वेळी वारं सुटलं आणि लाईट गेली. इन्व्हर्टरवर एक पंखा, एक बल्ब, बास. मुलगा म्हणाला, जाऊ या. आजी हलेनात. "येईल की आत्ता."

नुसतं बसायचं कसं, म्हणून टेप काढली. गुडघ्याच्या वाटीच्या वर दहा सेंटिमीटरवर मापलं. उजवी मांडी डावीपेक्षा 3 सेंटिमीटर बारीक! एका डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं होतं, 'झीज झालीय, चालू नका.' आजी वर्षभर बाजेवर बसून. सांध्याला सावरणारा स्नायूच वाळला. त्या 'झीज' शब्दानं माणसं जितकी बसवली, तितकी झिजेनं नसतील बसवली.

मुलाच्या गळ्यातला रुमाल गुंडाळून गुडघ्याखाली ठेवला. म्हटलं, आजी, हा खाली दाबा, पाच मोजेपर्यंत.

"पीठ मळताना परातीत जोर लावतोत तसं?"

तसंच. मांडीवर माझा हात होता, स्नायू थरथरला. अशा दहा वेळा. मग खुर्ची भिंतीला टेकवली, घड्या घालून दोन चादरी बसायला दिल्या आणि हात न टेकता ऊठबस करायला लावली. अर्ध्या मिनिटात 5 झाल्या.

काठी उजव्याच हातात होती. "दुखतंय उजवीकडं, तर काठी डावीकडं कशाला?" सगळ्यांचं हेच गणित. काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात पाहिजे, दुखरा पाय टेकताना भार वाटला जातो. डाव्या हातात दिली. फाटकापर्यंत जाऊन आल्या आणि माझ्याकडं न बघता मुलाला म्हणाल्या, "हे आधी का नाई सांगितलं हिनं?"

काय सांगू? कुठल्या आजाराला काय उपचार द्यावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे, गुडघ्याच्या या दुखण्याला आधी व्यायाम, करंट किंवा अल्ट्रासाऊंडचे (ध्वनिलहरींचे) उपचार देऊ नका. मी ते वाचलं होतं. पण दुसऱ्या मशीनचा हप्ता चालू होता, आणि ऊठबस करून घ्यायला पंचवीस मिनिटं लागतात. तेवढ्यात तीन कॉट होतात.

मुलानं दीडशे काढले. आजींनी हात धरला. "करंट तर लावलाच नाई. पन्नास दे." मी पन्नास घेतले.

सहा आठवडे झाले. ऊठबस 9 वर आलीय, पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा, हे पाठ झालंय. व्यायाम संपला की आजी आपणहून कॉटवर आडव्या होतात, "आता लाव." मी दहा मिनिटं लावते. दीडशे पूर्ण देतात.