अकरा दिवस पार्सल मुंबईत

बेळगावच्या उद्यमबागेत माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. खानापूरकडच्या विहिरींवरचे थ्री-फेज पंप एक फेज गेला की जळून येतात, म्हणून फेज गेल्यावर मोटर बंद करणारा सर्किट बोर्ड मी कीकॅड या बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरवर स्वतःच काढला. तांब्याचे दोन थर, एफआर-४ (काचतंतूचा नेहमीचा पत्रा), जाडी १.६ मिलिमीटर. एकच गर्बर फाईल, म्हणजे बोर्डाचा नकाशा, पुणे, बंगळुरू आणि चीनमधल्या शेनझेनच्या बोर्ड बनवणाऱ्यांना पाठवली. शेनझेनचे पाच बोर्ड दोन डॉलरला. कुरिअरचा खर्च त्याच्या कितीतरी पट, ते पैसे भरताना कळलं.

पुणे, बंगळुरूचे बोर्ड वेळेत आले. चीनचं पार्सल पाचव्या दिवशी मुंबईत उतरलं आणि तिथंच बसलं. कस्टमसाठी केवायसी हवं. आधार पाठवलं, नापास. पार्सलवर 'बेळगावी', आधारवर 'बेळगाम'. गावाचं नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, माझं आधार त्याआधीचं.

"सर, पत्ते वेगळे आहेत."

"अहो, गाव एकच हो! पिनकोड बघा की."

"सिस्टीम घेत नाही, सर."

रोज नवा माणूस, रोज पहिल्यापासून रामायण. हिंदीत सांगून झालं, कन्नडमध्ये सांगून झालं. या गावावरून १९५६ पासून दोन राज्यांचं जमेना, त्यात आता कुरिअरवाला तिसरा. शेवटी 'बेळगावी' छापलेलं हेस्कॉमचं लाईटबिल जोडलं, तेव्हा मुंबईत उतरल्यापासून अकराव्या दिवशी सुटलं. वर ड्युटी आणि कुरिअरवाल्याचा हाताळणीखर्च. तुम्ही मागवलंत तर आधारवर आहे तसाच पत्ता घाला, उगाच देशभक्ती नको.

खोका उघडला. छपाई सुबक, भोकं पॅडच्या, म्हणजे सोल्डर लावायच्या तांब्याच्या ठिपक्यांच्या, बरोबर मधोमध. पण ४१५ व्होल्टची बाजू आणि कंट्रोलरची बाजू यांच्यामध्ये वीज ओलांडू नये म्हणून आरपार खाच हवी होती, तिथं नुसती पांढरी रेघ! चूक माझीच, खाच कापायच्या रेघांऐवजी अक्षरं-खुणा छापायच्या थरावर काढलेली. बंगळुरूवाल्यानंही रेघच छापली होती. पुण्याच्या माणसानं मात्र कापायच्या आधी फोन केला होता, "साहेब, ही खाच कापायची का नुसती छापायची?"

हां, भाव विचारताना इलेक्ट्रिकल टेस्ट धरलीय का तेही विचारा. आणि एका पॅडवर चार-पाचदा सोल्डर लावून काढून बघा, हलक्या प्रतीच्या बोर्डाचं तांबं उचलून येतं.

पुण्याला पन्नास बोर्ड सांगितलेत. आधार अजून बदललेलं नाही.