माझे दोन्ही डोस ‘पहिले’ ठरले तेव्हा

को-विनवर, म्हणजे कोविड लसीच्या नोंदीच्या आणि प्रमाणपत्राच्या सरकारी संकेतस्थळावर, नाव दुरुस्त करायला एकदाच मिळायचं. हे सगळ्यात आधी सांगते, कारण मला ते सगळ्यात शेवटी कळलं. अशी कुठलीही दुरुस्ती करायला बसाल तेव्हा आधार कार्ड समोर ठेवा आणि एकेक अक्षर जुळवून बघा.

माझा पहिला डोस 22 एप्रिल 2021 चा. 45 च्या वरच्यांना 1 एप्रिलपासून लस खुली झाली होती, पण मी आज-उद्या करत होते. त्याच महिन्यात धाकटे दीर गेले. ऑक्सिजनचा बेड मिळेपर्यंत दोन दिवस गेले आणि मग काही हातात राहिलं नाही. त्यांचं तेरावं व्हायच्या आधीच मी आणि जाऊबाई रांगेत जाऊन उभ्या राहिलो. आम्हाला कुणी समजवावं लागलं नाही.

मे महिन्यात दोन कोविशिल्डमधलं अंतर 12 ते 16 आठवडे झालं, म्हणून दुसरा डोस थेट 24 जुलैला. शनिवार होता. (लस शनिवारीच घ्या, रविवार तापाला राहतो.) चार वाजून गेले होते. एका कुपीत दहा डोस असायचे आणि कुपी उघडली की चार तासांत संपवावी लागायची. सिस्टर बाहेर येऊन म्हणाल्या, “कुपी उघडलीय, चार माणसं कमी पडतायत. कुणी येईल का तुमच्याकडचं?”

मी चाळीत फोन लावले. पहिला शेजारच्या मावशींना. त्या पाच घरी पोळ्या करतात. जूनअखेरीपासून मी त्यांच्या मागे होते, कारण 18 च्या वरच्या सगळ्यांना सरकारी केंद्रावर लस फुकट झाली होती. लसीबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हतीच. त्या म्हणायच्या, “ताप आला तर दोन दिवसांचे खाडे. ते कोण भरून देणार, ताई?” त्या दिवशी मी सांगितलं, पाचही घरी बोलून ठेवलंय, खाड्याचे पैसे कुणी कापणार नाही. वीस मिनिटांत मावशी आल्या, मनगटाला पीठ तसंच. सोबत वरच्या मजल्यावरचे काका, काकू आणि त्यांचा मुलगा. नाक्यावर लसीचे फलक कितीतरी दिवस लागले होते, पण ते बघून मावशी हलल्या नव्हत्या.

याच धावपळीत माझी नोंद चुकली. पहिल्या डोसचा कागद मी ऑपरेटरसमोर धरला होता. त्यावर मुलाचा मोबाइल नंबर आणि माझं आधार. ओटीपी मुलाच्या फोनवर जाणार आणि त्याचा फोन लागेना. ऑपरेटर म्हणाला, “तुमचा नंबर सांगा, दुसरं काही ओळखपत्र द्या.” पर्समध्ये पॅन होतं, तेही लग्नाआधीचं, माहेरच्या नावाचं. त्याने मला सरळ नवी व्यक्ती म्हणून भरून टाकलं. रात्री मेसेज आला, पहिला डोस झाला म्हणून. अंगात ताप होता, मी तो नीट वाचलाच नाही. केंद्रावरून निघायच्या आधी मेसेज वाचा. दुसरा डोस असेल तर पहिल्याच नंबरवरची नोंद उघडायला लावा आणि तो फोन असलेलं माणूस सोबत न्या.

मी कल्याणच्या पुढे राहते, नोकरी दादरला. लोकल अत्यावश्यक सेवेतल्यांनाच होती, त्यामुळे बस आणि शेअर रिक्षा करत एकेका बाजूला तीन तास जायचे. 8 ऑगस्टला मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं की दोन डोस घेऊन 14 दिवस झालेल्यांना 15 ऑगस्टपासून लोकल. मी आनंदाने प्रमाणपत्राची प्रत आणि आधार घेऊन स्टेशनवरच्या मदत कक्षात गेले. तिथे दोन्हींवर शिक्का मारून देत होते, तो दाखवला की खिडकीवर महिन्याचा पास. टेबलावरच्या बाईंनी कागद परत केला. “हे पहिल्या डोसचं आहे. अंतिम आणा.”

तिथून पाच आठवडे. केंद्रावर म्हणाले, एकदा गेलेली नोंद आम्हाला बदलता येत नाही. वॉर्ड ऑफिसात म्हणाले, नोंद लसीकरण केंद्राने केली, तेच बदलतील. मी पुन्हा केंद्रावर. दर वेळी अर्धा दिवस रजा. एकाने तर सुचवलं, “आणखी एक घेऊन टाका, दुसरा म्हणून लागेल.” लोक पहाटेपासून रांगेत उभे असताना कुणाच्या तरी वाट्याची लस मी कागदासाठी टोचून घ्यायची? याचा राग अजून गेलेला नाही.

त्याहून वाईट चाळीत झालं. “हिने दोन घेतले तरी लोकल नाही. मग घेऊन काय उपयोग?” असं जिन्यात माझ्या कानावर आलं. ज्या दोन घरांनी जायचं ठरवलं होतं त्यांनी बेत पुढे ढकलला. मी जमवलेली माणसं माझ्याच कागदामुळे मागे फिरली, याचं मला तीन तासांच्या बसपेक्षा जास्त वाईट वाटलं.

वाट दाखवली ऑफिसमधल्या एका मुलीने. को-विनवर लॉगिन केलं की ‘रेज ॲन इश्यू’मध्ये, म्हणजे तक्रार नोंदवायच्या जागी, दोन पहिल्या डोसची प्रमाणपत्रं एकत्र करायचा पर्याय होता. पण माझी दोन्हींवरची नावं वेगळी. म्हणून आधी पॅनच्या नोंदीतलं नाव आधारप्रमाणे केलं, तेही घाईत, ही संधी एकदाच आहे हे माहीत नसताना. अक्षर चुकलं नाही, देवाची कृपा. मग विनंती टाकली. दोन्ही फोन हाताशी घेऊनच बसा. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी अंतिम प्रमाणपत्र उघडलं. दोन्ही तारखा, एकच नाव. मी रडले.

पास मिळाला त्या संध्याकाळी तो जिन्यात सगळ्यांना दाखवला. ती दोन घरं पुढच्याच आठवड्यात जाऊन आली.

मावशींचे दोन डोसांमधले 84 दिवस दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भरले. मी सोबत गेले, ऑपरेटरला स्क्रीन आमच्याकडे वळवायला लावली आणि ‘दुसरा डोस’ वाचल्यावरच खुर्ची सोडली. तेव्हा मावशींनी सांगितलं की त्यांची लेक कुर्ल्याला बाळंत झालीय आणि नातीला अजून बघितलेलं नाही. ऑक्टोबर संपता संपता लस घेतलेल्यांना साधं तिकीटही मिळायला लागलं. दिवाळीच्या आधी त्या डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन गाडीत चढल्या.