तुम्ही विचारलेत म्हणून: बेझेक्लिकच्या रिकाम्या भिंती

अजिंठा ज्याच्या जिल्ह्यात आहे त्याने लेणी पाहायला चीनच्या वाळवंटात कशाला जावे, हा प्रश्न लोकांनी मला लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत आणि एकदा तर दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडे असतानाही विचारला आहे. त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतो: आणि तीही रिकामी लेणी? आजवर मी हसून वेळ मारून नेली. आता एकदाचे लिहून टाकतो.

दुनहुआंगजवळच्या मोगाओविषयी कोणाची तक्रार नसते, कारण तिथल्या 492 लेण्यांत चित्रे टिकून आहेत. लोकांना खटकते ते वायव्य चीनमधल्या तुर्फानच्या पूर्वेला, ज्वाळांचे डोंगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तांबड्या उघड्या रांगेतले बेझेक्लिक. त्यावर माझे ठरलेले उत्तर ह्युएन त्सांगचे असते. पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन इथल्या मानी माणसांचे वर्णन लिहून ठेवणारा हा भिक्षू सुमारे 630 मध्ये तुर्फानजवळच्या गाओचांग नगरीत थांबला होता. तिथल्या राजाने त्याला अडवून ठेवले तेव्हा त्याने अन्नत्याग केला, परतताना मुक्काम करीन असे वचन देऊन सुटका करून घेतली आणि तो परतण्याआधीच, 640 मध्ये, चीनच्या थांग घराण्याच्या सैन्याने ते राज्य बुडवले. आज तिथे मातीच्या भिंतींचे बुंधे उरले आहेत. हे उत्तर खरे आहे, शिवाय चारचौघांत शोभते; पण मी तेवढ्यासाठी गेलो नव्हतो.

मला कापलेल्या जागा पाहायच्या होत्या. तरुणपणी मी हिरिरीने सांगत असे की युरोपातल्या मंडळींनी ती चित्रे नेली म्हणून वाचली. जागेवर राहिलेल्यांचे डोळे खरवडलेले आहेत, गिलावा उखडलेला आहे. जर्मन संशोधक फॉन ल कॉक याने 1905 मध्ये इथली बुद्धाची पुरुषभर उंचीहून मोठी चित्रे करवतीने कापून बर्लिनला नेली. त्यांतली सर्वांत मोठी संग्रहालयाच्या भिंतीत पक्की बसवलेली असल्याने दुसऱ्या महायुद्धात हलवता आली नाहीत आणि बॉम्बवर्षावात नष्ट झाली. अजिंठ्यात ब्रिटिश अधिकारी रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षे बसून केलेल्या नकलांपैकी बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये 1866 च्या आगीत जळाल्या. आपल्या नकला गेल्या, बेझेक्लिकची मूळ चित्रेच गेली. हे सारे मला तेव्हाही ठाऊक होते आणि तरीही माझे मत बदलले नव्हते.

तिथे लेणी दाखवणारी एक तरुण मुलगी होती. कापलेल्या चौकोनांवरून विजेरी फिरवत तिने ठरलेली माहिती सांगितली आणि मी भारतातला आहे हे कळल्यावर विचारले, ‘‘यांतले काही दिल्लीत आहे ना?’’ आहे. ब्रिटिश संशोधक ऑरेल स्टाइनच्या 1913 ते 1916 च्या मोहिमेतले बेझेक्लिकचे तुकडे दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत आणि मी ते पाहिले आहेत. मग ती म्हणाली, ‘‘रंग कसे आहेत?’’ रोज त्याच भिंतीपुढे उभी राहणारी ती मुलगी मला, एका प्रवाशाला, तिच्या भिंतीचे रंग विचारत होती. मी तांबड्याविषयी सांगू लागलो, हिरव्याशी अडलो, चेहऱ्यांच्या रेषांविषयी काहीतरी बोललो. ती इतकी लक्ष देऊन ऐकत होती की मला थांबणे अशक्य झाले आणि भरीत भर म्हणून मी म्हणालो, ‘‘आमच्याकडे ते सुरक्षित आहेत.’’ तिने शांतपणे सांगितले, ‘‘बर्लिनमध्येही तसेच म्हणत असतील.’’ बाहेर बेचाळीस अंशांचे ऊन होते आणि आमचा चालक तपासणी नाक्यावर गर्दी होण्याआधी निघायला सांगत होता, म्हणून बोलणे तिथेच राहिले. त्या उइघुर, म्हणजे तिथल्या तुर्की भाषिक मुसलमान समाजातल्या, चालकाला या भिंतींविषयी काय वाटते, हे मी विचारले नाही; त्या प्रदेशात असे प्रश्न ऐकणाऱ्याला महागात पडू शकतात.

माझे ते वाक्य खोटे नव्हते, हे मी आजही म्हणतो. दिल्लीतले तुकडे खरोखरच सुरक्षित आहेत. पण लूट इंग्रजांनी केली, आपण केवळ सांभाळतो, असे म्हणून सुटता येत नाही, कारण ती मोहीम भारत सरकारच्या नावाने निघाली होती आणि तिचा वाटा आपण ठेवून घेतला आहे. कोहिनूरसाठी आवाज चढवणाऱ्या माझ्या मित्रांना हे ऐकवले की ते विषय बदलतात. परत द्यावेत का? द्यायचे तर कोणाला? ज्या उइघुर राजांच्या काळात ती चित्रे रंगवली गेली त्यांचे बौद्ध राज्य कधीच संपले, आजचे गावकरी शतकानुशतके मुसलमान आहेत आणि स्वीकारायला पुढे येईल ते बीजिंग. तरुणपणीचा मी इथे विजयी मुद्रेने हसेल. त्याला उत्तर देता येत नाही, आणि त्याचे पटतही नाही.

पुन्हा जाणार का, असेही विचारतात. जाणार आहे. त्याच प्रदेशातल्या कुचाजवळची किझिल लेणी पाहायची राहिली आहेत. तिथल्याही कितीतरी भिंती बर्लिनला गेलेल्या आहेत.