ला पाझच्या वरचं एल आल्तो

बोलिव्हियातल्या ला पाझला आलेले बहुतेक पर्यटक वरच्या एल आल्तो शहरात नुसते फोटो काढायला जातात. आमची सहल ठरवणाऱ्यानेही अर्धा तास पुरे म्हणून सांगितलं, वर "तिथे बघण्यासारखं काही नाही." त्याचा राग अजून गेलेला नाही.

रोपवेच्या लाल मार्गाने वर गेलो. गुरुवार होता, 'सोळा जुलै' नावाच्या भागातला बाजार भरला होता. उंची ४,००० मीटरच्या वर, चार पावलं टाकली की धाप लागते. एका आजोबांच्या पथारीवर नट-बोल्टचे पाने, हातोडे आणि एक पितळी कार्बाइडचा दिवा होता, तळाला पांढरी पूड चिकटलेली. दिवा विकायचा नव्हता, त्यांचा स्वतःचा होता. ओरुरोकडच्या कथिलाच्या खाणीतला. त्यांनी स्टूल पुढे केलं, मूठभर कोकाची पानं दिली. मैत्रिणीला स्पॅनिश येतं म्हणून बोलणं झालं.

१९८५ मध्ये कथिलाचे भाव कोसळले. त्याच वर्षी २१०६० क्रमांकाचा वटहुकूम निघाला आणि त्यानंतर सरकारी खाणींतल्या वीस हजारांहून जास्त कामगारांची नोकरी गेली. त्यातले हजारो इथे आले. तो वटहुकूम घडवणाऱ्यांत गोन्सालो सांचेस दे लोसादा होता, सगळे त्याला गोनी म्हणतात. स्वतः गडगंज खाणमालक, कोमसुर ही खाण कंपनी त्याचीच होती. लहानपण अमेरिकेत गेलं, त्यामुळे स्पॅनिशही अमेरिकी वळणाची. १९९३ मध्ये तो राष्ट्राध्यक्ष झाला, २००२ मध्ये पुन्हा. १९९४ च्या कायद्याने त्याने गावोगावच्या पालिकांना थेट निधी दिला, हे चांगलं काम नाकारता येत नाही.

पण २००३ चं काय? देशाचा गॅस चिलीच्या बंदरातून बाहेर पाठवायचा घाट घातला गेला. ज्या चिलीने युद्धात बोलिव्हियाचा समुद्रकिनारा घेतला, त्याच चिलीतून! एल आल्तोने रस्ते अडवले. इथल्या सेनकाटाच्या इंधन डेपोतून टँकर बाहेर काढायला सैन्य उतरवलं. त्या आंदोलनात साठाहून अधिक माणसं मेली, बरीचशी आयमारा या इथल्या मूळ रहिवासी समाजातली. १७ ऑक्टोबरला गोनी राजीनामा देऊन अमेरिकेला निघून गेला.

त्या दिवसांत गल्लीगल्लीत रात्रीचा पहारा कसा लावला, कुणाची पाळी कधी, हे आजोबांनी बोटांवर मोजून सांगितलं. "खाण गेली, पण युनियन आम्ही सोबत आणली होती," म्हणाले. इतकी वर्षं मी हे बंड गॅसचं समजत होते. त्याची शिस्त बंद पडलेल्या खाणींतून आली, हे त्या स्टुलावर बसून कळलं.

पुढे तितिकाका सरोवर, उयुनीचं मिठाचं मैदान सगळं झालं, सुंदरच आहे. तुम्ही मात्र गुरुवारी किंवा रविवारी एल आल्तोला जा, आणि सहलवाल्याला सोबत नेऊ नका.