आमची वाटचाल : मिरजेतलं जवारीचं दुकान

मिरजेत तंतुवाद्यं घडू लागली ती शिकलगारांच्या हातून. ही मंडळी मूळची हत्यारांना धार लावणारी. ते काम आटत गेलं आणि एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी वाद्यं दुरुस्त करता करता घडवायलाही घेतली. आमचे आजोबा अशाच एका कारागिराच्या हाताखाली शिकले, वडिलांनी सतार-तानपुऱ्यांचं स्वतःचं दुकान थाटलं. आता मी आणि धाकटा भाऊ ते बघतो.

वाद्यासाठीचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. कडू, जाड सालीचा, शेतातच वाळवलेला. अवकाळी पावसानं तो सडला की मोठ्या मापाचे नग मिळत नाहीत, म्हणून हाती पैसा असो-नसो, वर्षाचा माल आम्ही आधीच माळ्यावर भरून ठेवतो. दांडी आणि तबली, म्हणजे भोपळ्यावरचं झाकण, तुनाच्या लाकडाची.

इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला, मग मोबाईलवरचं ॲप आलं, नव्या वाद्यांच्या ऑर्डरी रोडावल्या. तेव्हा दुकान तगलं ते जवारीवर, म्हणजे घोडी घासून तारेचा आवाज खुलवण्याच्या कामावर. घोडी म्हणजे तबलीवरचा, तारा ज्यावर टेकतात तो ठोकळा. घोडीचा माथा दिसायला सपाट, पण त्याला अगदी हलका उतार असतो. तार त्याला घासत थरथरते, म्हणून आस, म्हणजे लांबत जाणारी गुंजन, मिळते. रोजच्या रियाजानं घोडीवर चर पडतो आणि आवाज बसतो. मग कानशीनं माथा घासायचा, तार चढवायची, तिच्याखाली सुती दोरा केसभर सरकवत ऐकायचं. जमलं नाही की तार उतरवून पुन्हा कानस. वडील या वेळी पंखा बंद करतात, शटर अर्धं ओढून घेतात. दोरा नेमक्या जागी आला की आवाज उघडतो आणि खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या ‘सा’च्या, पितळी तारेतून गंधार (‘ग’ हा स्वर) आपोआप बोलू लागतो. वडील आता थकलेत, तरी शेवटचा हात त्यांचाच असतो.

2024 मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, फार आनंद झाला. पण नक्षीकामाला मागाल ते पैसे देणारे लोक जवारीसाठी घासाघीस करतात, याचं वाईट वाटतं. पोरं शिकायला बसत नाहीत ती त्यामुळेच. आम्ही जवारी शिकणाऱ्या पोराला पहिल्या महिन्यापासून पगार देतो.

तानपुरा दुरुस्तीला पाठवताना तारा सैल करा. घोडी सुटली तर कापडात गुंडाळून सोबतच द्या. दुसरी बसवली तर आवाज बदलतो. आणि आपली पट्टी, म्हणजे पेटीच्या कोणत्या पट्टीला ‘सा’ धरता ते, चिठ्ठीवर जरूर लिहा. काळी एक की काळी चार, यावरच तारांची जाडी ठरते.